चार तासांचा हिशेब

मावशी गेल्यानंतर काही महिन्यांनी मावसबहिणीचा फोन आला. बोलणे तिच्या आईच्या बँकेच्या कागदांविषयी आणि कपाटाच्या हरवलेल्या किल्लीविषयी चालले होते. फोन ठेवायच्या बेतात असताना तिने त्याच आवाजात विचारले, “ताई, शेवटचा डोस तू दिला होतास की मी?” मी म्हणाले, “तू. रात्री दोनचा. वहीत आहे बघ.” ती “बरं” म्हणाली आणि आम्ही पुन्हा किल्लीकडे वळलो. फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आले की ती वही तिच्याचकडे आहे, शेवटची नोंद तिच्याच अक्षरात आहे, आणि हे माझ्याकडून कळून घेण्याची तिला काहीच गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन फोन केला आणि तिला एक हिशेब सांगितला. औषध दर चार तासांनी द्यायचे असेल, तर माणूस केव्हाही गेला तरी तो कुठल्या तरी डोसनंतरच्या चार तासांच्या आतच जाणार. मावशी पहाटे पाचच्या सुमारास गेली म्हणून दोनचा डोस शेवटचा ठरला. सातला गेली असती तर सहाचा ठरला असता आणि तो माझ्या पाळीत आला असता. शेवटच्या डोसमध्ये आणि त्याच्या आधीच्या डोसमध्ये मात्रेचा, औषधाचा, हाताचा काहीही फरक नव्हता. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले. “ते कळतं गं मला,” ती म्हणाली. हिशेब बरोबर होता, पण तिच्या प्रश्नाला तो शिवलाही नव्हता.

गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या काळजीला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. तिच्या नीतीविषयी जे काही लिहिले जाते, ते बहुतांशी डॉक्टरकडे तोंड करून लिहिलेले असते. औषध देण्यामागे हेतू काय होता, संमती कुणाची घेतली, उपचार थांबवण्याचा अधिकार कुणाला, असे ते प्रश्न असतात आणि ते महत्त्वाचेच आहेत. पण घरी चाललेल्या आजारपणात रात्री दोन वाजता मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारे तीव्र वेदनाशामक, डॉक्टर देत नाहीत. मात्रा डॉक्टर ठरवतात, सिरिंज सिस्टर भरून ठेवतात, आणि ती दाबणारा अंगठा घरातल्या कुणाचा तरी असतो. ज्याने या विषयावरचे एक पानही वाचलेले नाही, ज्याची झोप कित्येक रात्री पुरी झालेली नाही आणि ज्याचे अंथरुणावरच्या माणसाशी आयुष्यभराचे नाते आहे, अशा माणसावर या सगळ्या चर्चेचे ओझे अखेरीस येऊन पडते. तो तेव्हा काही बोलत नाही. महिन्यांनी, किल्लीच्या निमित्ताने बोलतो.

मावशीचा कॅन्सर हाडांत उतरला होता. आरंभी औषध तोंडाने जात असे. तपकिरी बाटली, सुई नसलेली सिरिंज, तिच्यावरच्या बारीक रेघा दिव्याखाली धरून पाहायच्या, मग गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचे. औषध इतके कडू की तिचा चेहरा दर वेळी एका ठरावीक पद्धतीने आक्रसे आणि मग पाण्याच्या घोटाने सैल होई. बाटलीशेजारी रकाने आखलेली वही असे. वेळ, मात्रा, देणाऱ्याची सही, आणि शेवटच्या रकान्यात वेदनेचा आकडा, शून्य ते दहा. मावशीने उभा जन्म शाळेत शिकवण्यात घालवला होता, त्यामुळे आकडा सांगताना तिच्यातली मास्तरीण जागी होई. “साडेचार,” ती सांगे, आणि अर्धा कशाचा म्हणून विचारले तर म्हणे, “अर्धा गुण अक्षराचा कापला.” पोट साफ राहण्याचे औषधही त्याच वहीत लिहिलेले असे. मॉर्फिनच्या गुंगीला आणि मळमळीला शरीर थोड्या दिवसांत सरावते, बद्धकोष्ठतेला मात्र सरावत नाही, हे सिस्टरांनी पहिल्याच भेटीत बजावले होते. एवढे असूनही त्या सगळ्या आजारपणात मावशी मोठ्याने रडली ती एकदाच, आणि ती या बद्धकोष्ठतेपायी. मृत्यूच्या तत्त्वज्ञानावरच्या ग्रंथांत ही गोष्ट कुठे आढळत नाही, आढळायला हवी.

घरातल्या सगळ्यांचे सुरुवातीचे मत असे होते की इतके जालीम औषध दुखेल तेव्हाच द्यावे. फार वर्षे रुग्णालयांतही हीच रीत होती. रुग्णाने सहन होईल तेवढे सहन करायचे, मग हाक मारायची, मग कुणी येण्याची वाट पाहायची. सिसली साँडर्स यांनी ही रीत जवळून पाहिली होती, कारण त्या आधी नर्स होत्या, नंतर रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या आणि १९५७ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, डॉक्टर झाल्या. लंडनच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये, म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेत, त्यांनी रुग्णांना मॉर्फिन तोंडाने, ठरलेल्या वेळी, वेदना परतण्याच्या आधीच द्यायला सुरुवात केली आणि प्रत्येकाच्या नोंदी ठेवल्या. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस उघडले, तिथून ही पद्धत जगभर गेली, आणि १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी जी मार्गदर्शिका काढली तिच्यात शक्यतो तोंडाने, घड्याळाप्रमाणे आणि पायरी-पायरीने औषध वाढवत न्यावे असे सांगितले. साध्या मॉर्फिनचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून चार तास. कारण एवढे सरळ आहे. तरीही मला त्यात औषधशास्त्राइतकीच नीती दिसते. दुखल्यावर मागायचे असे ठरले की माणसाला आपले दुखणे दर वेळी सिद्ध करावे लागते, समोरच्याच्या चेहऱ्यावरची शंका वाचावी लागते, कण्हणे किती आणि कोणत्या पट्टीत असावे याचा अंदाज घ्यावा लागतो. घड्याळ लावले की ही याचना थांबते. ज्या शिक्षिकेने आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता, तिला सुटका मागावी लागली नाही, ती वेळेवर आपोआप येत राहिली, याचे मोल मला त्या दिवसांत नीट कळले नव्हते.

साँडर्स यांची दुसरी मोठी देणगी म्हणजे वेदना ही एकसंध नसते हे त्यांनी ठामपणे मांडले. शरीराची वेदना, मनाची, नात्यांची आणि पैशांची, आणि ज्याला दुसरा शब्द नाही म्हणून आपण आध्यात्मिक म्हणतो ती, अशा सगळ्यांची मिळून जी होते ती संपूर्ण वेदना. त्यांच्या एका रुग्ण बाईने सांगितले होते की दुखणे पाठीत सुरू झाले, पण आता आपले सगळेच बिघडले आहे असे वाटते. मावशीच्या वहीत हे आकड्यांत उतरलेले आहे. संध्याकाळचे आकडे नेहमी चढे. डॉक्टरांनी एकदा पाने उलटून पाहिली आणि मात्रा वाढवण्याआधी विचारले की संध्याकाळी घरात काय होते. संध्याकाळी दूरगावी असलेल्या दादाचा, म्हणजे मावशीच्या मुलाचा, फोन येण्याची वेळ असे. कधी तो येई, कधी येत नसे, आणि आला तरी आई-मुलात रक्ताच्या तपासण्यांपलीकडे बोलणे होत नसे. डॉक्टरांनी मात्रा थोडीशीच वाढवली आणि दादाला येऊन राहायला सांगितले. तो आल्यावर आकडे खाली आले. शून्यावर मात्र कधीच आले नाहीत.

इथे मला थोडे अडखळायला होते. संपूर्ण वेदनेची कल्पना जितकी उदार आहे, तितकीच ती पसरट आहे. शरीराबरोबर मन, नाती, श्रद्धा हे सगळेच जर वैद्यकाच्या कक्षेत आले, तर मरणाऱ्या माणसाला स्वतःचे असे खाजगी काही उरते का? काही रुसवे न मिटवताच जायचा हक्क माणसाला असावा. मावशीचे आपल्या एका जुन्या मैत्रिणीशी वर्षानुवर्षे वैर होते, आणि समुपदेशनासाठी येणाऱ्या बाईंनी फार सौम्यपणे तो विषय काढला तेव्हा मावशी म्हणाली, “ते राहू द्या, ते माझं आहे.” बाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही, हे त्यांचे मोठेपण. पण सगळेच असे वागतात असे नाही, आणि ‘शांत, समाधानी मृत्यू’ हा रुग्णाचा हक्क न राहता त्याच्यावरची जबाबदारी होऊन बसतो, असेही घडते. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मरणासन्न माणसाच्या मनाच्या ज्या पाच अवस्था मांडल्या, नकारापासून स्वीकारापर्यंतच्या, त्यांचे हेच झाले. रुग्णांचे ऐका असे सांगण्यासाठी केलेले निरीक्षण लोकांनी पायऱ्यांच्या जिन्यासारखे वापरले, आणि स्वीकाराच्या शेवटच्या पायरीवर न पोचलेला माणूस नापास ठरू लागला.

पण बहिणीच्या प्रश्नाला भिडायचे तर वळावे लागते ते दुसऱ्या, कितीतरी जुन्या वादाकडे. वेदना कमी करण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य काही तासांनी कमी झाले, तर ते मारणे ठरते का? तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाची चर्चा करताना म्हटले की एकाच कृतीचे दोन परिणाम असू शकतात, एक हेतूत असलेला आणि दुसरा हेतूबाहेरचा, आणि कृतीची जात हेतूतल्या परिणामावरून ठरते. यातून पुढे दुहेरी परिणामाचे तत्त्व आकाराला आले. १९५७ हे वर्ष या बाबतीत मोठे विलक्षण आहे. त्या वर्षी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तर देताना वेदनाशमनाने आयुष्य थोडे घटण्याची शक्यता असली तरी ते देता येते असे सांगितले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एका डॉक्टरवरच्या खुनाच्या खटल्यात न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी ज्युरीला सांगितले की दुःख आणि वेदना दूर करण्यासाठी जे योग्य आणि आवश्यक आहे ते करण्याचा डॉक्टरला अधिकार आहे, मग त्या उपायांनी अनुषंगाने आयुष्य घटले तरी. आणि साँडर्स डॉक्टर झाल्या तेही त्याच वर्षी. धर्मपीठ, न्यायालय आणि रुग्णशय्या, तिन्हीकडे एकाच वेळी त्याच सिरिंजचा विचार चालू होता.

आणि गंमत अशी की पॅलिएटिव्ह केअरमध्ये मुरलेले डॉक्टर या तत्त्वाची फारशी आठवणही काढत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की मॉर्फिन वेदनेच्या मानाने, लहान मात्रेपासून हळूहळू वाढवत नेले तर ते आयुष्य कमी करत नाही. श्वास मंदावण्याआधी झोप गडद होते, म्हणजे सूचना आधी मिळते. श्वासावरच्या परिणामालाही शरीर सरावत जाते. आणि वेदना स्वतःच श्वासाला जागे ठेवते. मूत्रपिंडे थकली की औषध अंगात साचते, तेव्हा मात्रा बदलावी लागते किंवा औषध बदलावे लागते, पण ही सावधगिरी कुठल्याही औषधाची आहे. तेव्हा नीट दिलेल्या मॉर्फिनच्या बाबतीत दुसरा परिणाम मुळात घडतच नसेल, तर दुहेरी परिणामाचे तत्त्व ढालीसारखे पुढे धरण्यात तोटाच आहे, कारण त्यामुळे हे औषध मरणाचे औषध आहे असा समज पक्का होतो. या समजाने किती नुकसान केले आहे ते आकड्यांत पाहता येते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१७ मध्ये दाखवून दिले की जगात दर वर्षी मॉर्फिनच्या हिशेबात मोजल्यास सुमारे २९८.५ टन अफूजन्य वेदनाशामके वाटली जातात आणि त्यांतले अत्यल्प उत्पन्नाच्या देशांना मिळते ०.१ टन. व्यसनाची, गैरवापराची भीती खरी आहे, काही श्रीमंत देशांनी ती भोगली आहे. पण एका ठिकाणच्या अतिरेकाच्या भीतीने दुसऱ्या ठिकाणचा माणूस तळमळत मरतो, ही गोष्ट एखाद्या अटळ आपत्तीसारखी सांगितली जाते तेव्हा मला राग येतो. मॉर्फिन महाग नाही. ते मिळत नाही ते परवान्यांमुळे, अपुऱ्या शिक्षणामुळे आणि दचकण्यामुळे.

हे सगळे मी बहिणीला सांगितले असते तरी तिने तेच म्हटले असते, की ते कळते. तिची शंका औषधाविषयी नव्हती. शेवटच्या आठवड्यात मावशीचे गिळणे थांबले आणि दंडावर त्वचेखाली एक बारीक सुई चिकटपट्टीने बसवून दिली गेली. सिस्टर संध्याकाळी येत, दुसऱ्या दिवसापर्यंतच्या सिरिंजा भरत, प्रत्येकीवर पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर वेळ लिहीत आणि ट्रेमध्ये ओळीने मांडून जात. त्या रात्री दोनची सिरिंज उचलताना बहिणीच्या मनात काय आले असेल हे मी सांगू शकते, कारण दहाची उचलताना माझ्याही मनात तेच आले होते.

हे आता संपावे.

ही इच्छा आणि हातातली सिरिंज एकाच वेळी एकाच माणसाजवळ असतात, आणि तिथेच तत्त्वज्ञांची आखणी ढिली पडते. हेतू आणि पूर्वकल्पना यांत भेद करा असे ते म्हणतात. पण पहाटेच्या जवळ आलेल्या थकलेल्या मनात हेतू, इच्छा, अंदाज, दया आणि स्वतःच्या सुटकेची ओढ हे सगळे इतके एकमेकांत मिसळलेले असते की कुठला धागा आधी हाताला लागला हे त्यालाही सांगता येत नाही. दुहेरी परिणामाच्या तत्त्वावर टीकाकारांचा जुना आक्षेप हाच आहे, की हेतू कुणी पाहिला आहे? मला हा आक्षेप अर्धाच पटतो. मन दिसत नाही हे खरे, पण मात्रा दिसते. दोनच्या सिरिंजमध्ये जेवढे होते तेवढेच दहाच्या सिरिंजमध्ये होते, तेवढेच सहाच्या, आणि ते वेदनेच्या हिशेबाने ठरवलेले होते, इच्छेच्या नव्हे. ज्याला मारायचे असते तो मात्रा वाढवतो, किंवा दोन सिरिंजा एकदम उचलतो. दुःख संपावे असे वाटणाऱ्याने ठरलेल्या वेळी ठरलेलेच दिले, तर त्याच्या इच्छेने त्या कृतीत प्रवेश केलेला नसतो. ती शेजारी बसून राहिलेली असते. त्या अर्थाने रकाने आखलेली ती वही नैतिक दस्तऐवज आहे, आणि बहिणीने ती जपून ठेवली आहे ती मला वाटते याचसाठी. तिला हे मी पुढे एकदा समोरासमोर सांगितले. ती म्हणाली, “पण वाटलं होतं ना.” वाटले होते, आणि वाटण्याची नोंद करायला वहीत रकाना नव्हता. शिवाय प्रेमाच्या माणसाचे हाल संपावे असे न वाटणे हे काही वाटण्यापेक्षा श्रेष्ठ आहे असे मला अजिबात वाटत नाही.

शेवटच्या दोन दिवसांतली आणखी एक गोष्ट मला त्या डोसहून अधिक अवघड वाटते, आणि तिच्याविषयी कुणी मला प्रश्न विचारलेला नाही. मावशीच्या घशात घरघर सुरू झाली होती. गिळण्याची आणि खाकरण्याची शक्ती गेली की लाळ आणि स्राव घशात साठून श्वासागणिक हा आवाज होतो. ऐकणाऱ्याला वाटते की माणूस गुदमरतो आहे. सिस्टरांनी तिला कुशीवर वळवले आणि सांगितले की तिच्या कपाळावर आठी नाही, श्वासाला धडपड नाही, तिला बहुधा याचा त्रास होत नसावा. मग त्यांनी विचारले, “स्राव कमी करायचं इंजेक्शन देऊ का? तुम्हाला ऐकवत नसेल तर.” दादा भिंतीला टेकून उभा होता, त्याने लगेच होकार दिला. इंजेक्शन दिले गेले, आवाज थोडा उतरला, तोंडाची कोरड वाढली आणि मी रात्रभर ओल्या बोळ्याने तिचे ओठ पुसत राहिले. ते इंजेक्शन कुणासाठी होते? पॅलिएटिव्ह केअर रुग्णाइतकीच कुटुंबाची काळजी घेते, जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतही कुटुंब आहे, आणि ते योग्यच आहे. पण इथे आमची काळजी तिच्या शरीरातून घेतली गेली. मला ते चूक म्हणवत नाही, आणि अगदी निर्मळ होते असेही म्हणवत नाही.

सत्य सांगण्याचा प्रश्न आमच्याकडे उलटाच होता. दादाने आल्या आल्या डॉक्टरांना दाराबाहेर गाठून आईला काही सांगू नका असे विनवले होते. अमेरिकेत १९६१ मध्ये डॉक्टरांना विचारले तेव्हा सुमारे ९० टक्के म्हणाले होते की आम्ही रुग्णाला कॅन्सर झाल्याचे शक्यतो सांगत नाही. १९७९ मध्ये तोच प्रश्न विचारला तेव्हा त्याहूनही अधिक जणांनी सांगतो असे उत्तर दिले. अठरा वर्षांत एका व्यवसायाची नीती पूर्ण उलटावी, याचा अर्थ ती आधीही तितकी अढळ नव्हती. आमचे डॉक्टर दोन्ही टोकांपासून दूर राहिले. त्यांनी मावशीलाच विचारले की आजाराविषयी तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे आणि कुणासमोर. तिने सगळे विचारून घेतले आणि वर सांगितले, “मुलाला मात्र कळू देऊ नका मला माहीत आहे ते. त्याला सोसायचं नाही.” मग दोघेही एकमेकांना सांभाळत बसले. स्वायत्ततेचा पाठ्यपुस्तकी अर्थ घ्यायचा तर तिने आपला हक्क बजावला होता, पण तो तिने स्वतःपेक्षा मुलासाठीच वापरला.

एकदा ती म्हणाली, “डॉक्टर, पुरे आता. द्या काहीतरी.” डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी विचारले, “काय पुरे?” बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली की दुसऱ्याने धुवावे लागते, ते पुरे. वेदनेचा आकडा त्या दिवशी तीन होता. मरण मागणाऱ्यांच्या बाबतीत हे पुष्कळदा असेच असते. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात मरणासन्न रुग्णांना डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधाने आयुष्य संपवण्याची मुभा १९९७ पासून आहे. तिथे कारणांच्या नोंदी ठेवतात, आणि त्यांत आघाडीवर असते ते स्वायत्तता गमावणे, आवडीचे काही करता न येणे, प्रतिष्ठा जाणे. वेदना बरीच खाली येते. पॅलिएटिव्ह केअर मृत्यू लवकर आणत नाही आणि लांबवतही नाही, ही भूमिका मला मान्य आहे. पण या क्षेत्रातले काही जण जेव्हा म्हणतात की चांगली काळजी मिळाली तर कुणी मरण मागणारच नाही, तेव्हा ते आपल्या कामाची स्तुती जास्त करतात. ओरेगनमध्ये हा मार्ग घेणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक हॉस्पिसच्या सेवेत असतात. काळजी उत्तम असूनही कुणाला पुरे वाटू शकते. मावशीला पुढच्या आठवड्यात तसे वाटले नाही; तिच्या ओळखीच्या, तिच्या वयाच्या सिस्टर अंघोळीला येऊ लागल्या एवढाच फरक झाला होता. यावरून कायदा काय असावा हे ठरत नाही, पण घाईने कुठलेच उत्तर देऊ नये एवढे ठरते.

दादाचा आणि माझा खरा वाद झाला तो सलाइनवरून. त्याच्या लेखी पॅलिएटिव्ह केअर म्हणजे हार मानणे होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाविषयी मी त्याला सांगितले होते. पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर दिली, तर त्यांचे दिवस अधिक बरे गेले, शेवटी आक्रमक उपचार कमी झाले आणि तरी ते सरासरीने अधिक जगले, ८.९ महिन्यांच्या जागी ११.६. आयुष्य वाढण्याचा भाग पुढच्या सगळ्या अभ्यासांत दिसला नाही, दिवस बरे जाण्याचा बहुतेकांत दिसला, हेही मी सांगितले. त्याने ऐकले. पण मावशीचे पाणी पिणे थांबले तेव्हा तो म्हणाला, “हे सगळं ठीक आहे. पण तहानेलेल्या आईला पाणी द्यायचं नाही, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?” पुस्तकात लिहिले आहे. २०१३ च्या एका अमेरिकी चाचणीत हॉस्पिसमधल्या कॅन्सरच्या १२९ रुग्णांपैकी काहींना रोज एक लिटर सलाइन दिले आणि काहींना नावापुरते १०० मिलिलिटर. त्रासात किंवा आयुष्यात लक्षणीय फरक पडला नाही. मरणाऱ्या शरीराला पाणी हाताळता येत नाही, ते हातापायांत आणि छातीत साचते. तोंडाची कोरड ओठ आणि जीभ ओली ठेवल्याने कमी होते, शिरेतल्या पाण्याने तितकी नाही. हे सगळे मी त्याला मावशीच्या खोलीबाहेर, दबक्या आवाजात सांगितले. डॉक्टरांनीही सांगितले. सलाइन लावले गेले नाही.

तो अजूनही म्हणतो की लावायला हवे होते, निदान नावापुरते, कारण ते उपचार म्हणून नको होते, मुलाच्या हातचे पाणी म्हणून हवे होते. “तो अभ्यास तिच्यावर झाला नव्हता,” असेही म्हणतो. यातल्या पहिल्या म्हणण्याला माझ्याकडे चांगले उत्तर नाही. मी घरघरीचे इंजेक्शन त्याच्यासाठी चालवून घेतले होते, मग १०० मिलिलिटर का चालवून घेतले नाही, असे त्याने विचारले तर मला सुई टोचण्याच्या दुखण्याचाच आधार घ्यावा लागेल, आणि सुई तर आधीच बसवलेली होती. त्या सुईतूनही पाणी देता येते. तरीही माझे मत बदललेले नाही. गेल्या वर्षी आम्ही दोघांनी आपापल्या शेवटच्या आजारात काय करावे आणि काय करू नये हे लिहून, साक्षीदारांसमोर सह्या करून ठेवले. माझ्या कागदावर सलाइन नको असे आहे. त्याच्या कागदावर ते हवे असे ठळक लिहिलेले आहे, आणि आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून त्याने माझे नाव घातले आहे. मी ते लावायला सांगेन. हात सुजू लागले तर काढायचे की नाही, हे त्याने लिहिलेले नाही, मी दोनदा विचारले, दोन्ही वेळा म्हणाला, “तेव्हा तू बघशील की.”